लंगडण्याची शिकवणी

निखत शेखला सिनेमावाल्यांचा तिटकारा होता, आणि गेली पंधरा वर्षं तिचं सगळं काम त्यांच्याशीच होतं. मुंबईहून फोन आला की ती आधी फोनकडं दुधात पडलेल्या माशीकडं बघावं तसं बघायची, आणि मग उचलून अगदी गोड आवाजात म्हणायची, "बोला सर."

तिटकाऱ्याची सुरुवात तुळजापुरात झाली होती. तेव्हा ती एकोणीस वर्षांची. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर एका मालिकेचं शूटिंग बघायला गेलेली. लहानपणीच्या पोलिओनं डाव्या पायात जीव नव्हता, काखेत कुबडी होती आणि अंगात ईदला शिवलेला नवा ड्रेस होता. गर्दीतून एक टोपीवाला माणूस धावत आला. "ए, कुबडीवाली! चल, तिकडं बस." तिला वाटलं, भला माणूस आहे, बसायला जागा देतोय. त्यानं तिला देवळाच्या खोट्या दरवाजाबाहेर भिकाऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवलं, नव्या ड्रेसवर मळकी चादर टाकली आणि गालाला काजळी फासली.

"मला काय बोलायचंय?" निखतनं विचारलं.

"भिकाऱ्याला कसलं बोलणं? हात पुढं कर फक्त."

निखतनं चादर काढून त्याच्याच खांद्यावर टाकली आणि निघून आली. बसमध्ये मैत्रिणी हसत होत्या, तीही हसली. घरी आल्यावर मात्र तिनं गाल इतका घासला, की आई रजियाबीनं साबण हिसकावून घेतला.

पुढं ती उमरग्याच्या एका पतसंस्थेत कारकून झाली. सुटीच्या दिवशी वही घेऊन गावोगाव हिंडू लागली. सरकारी दाखल्यावर माणूस किती टक्के कमी आहे एवढंच लिहिलेलं असतं. निखतच्या वहीत एक रकाना जास्त होता: काय येतं? त्या रकान्यात तिला माणसं सापडत गेली. कर्नाटकाच्या शिवेवरचा वीरप्पा, जन्मापासून आंधळा, पण चार भाषांत कुणाचाही आवाज काढणारा. शिवकांता, ऐकू न येणारी, पण नवरीचा चेहरा असा रंगवायची की सासूनं ओळखू नये. अशा माणसांना सिनेमात, मालिकांत, जाहिरातींत काम मिळवून द्यायचं म्हणून निखतनं संस्था काढली. सरकारी कागदावर 'पात्र' आणि 'अपात्र' असे दोनच शिक्के असतात, म्हणून संस्थेचं नाव ठेवलं 'पात्र'.

संस्था चालली. वीरप्पाच्या आवाजात दक्षिणेतले खलनायक मराठीत धमक्या देऊ लागले. शिवकांता सोलापूर-हैदराबादकडच्या शूटिंगांवर जाऊ लागली. आणि निखतला मुंबईच्या मोठमोठ्या हॉटेलांत भाषणाला बोलावणी येऊ लागली. तिथं मंचाला पायऱ्या असायच्या. चार जण तिला खुर्चीसकट उचलून वर ठेवायचे, आणि खालचे लोक त्यावरच टाळ्या वाजवायचे. ती अजून एक शब्दही बोललेली नसायची. नंतर जेवताना कुणीतरी निर्माता शेजारी येऊन बसायचा. "मला तुमचं दुःख कळतं हो. मीपण एक महिना प्लास्टरमध्ये होतो." निखत त्याच्याकडं बघून मान हलवायची आणि मनात म्हणायची, महिनाच का?

तिच्या तोंडाची ख्याती पसरली. गंमत अशी, की ती जितकी तोडून बोले तितकं तिला जास्त बोलावणं येई. वर्षातून एकदा एका फटकळ बाईकडून चार शब्द ऐकून घेतले की या लोकांना हज करून आल्यासारखं वाटतं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. तरी ती जायची. एका भाषणामागं एखादं तरी काम मिळायचं.

तीन वर्षांपूर्वी कृष्णराज उमरग्याला आला तो असाच, काम घेऊन. तो नावाजलेला दिग्दर्शक होता. त्याच्या डोळ्यांत पाणी यायला कारण लागत नसे. पोलिओ झालेल्या एका खेड्यातल्या मास्तरणीवर तो सिनेमा करत होता, आणि मास्तरणीच्या भूमिकेसाठी 'पात्र'ची आरजू तीनदा ऑडिशन देऊन आली होती. आरजू अणदूरची. सव्वीस वर्षांची, नाट्यशास्त्र शिकलेली, उजवा पाय अधू. निखतनं तिला वहीतून नव्हे, गॅदरिंगच्या स्टेजवरून उचललं होतं.

"आरजूनं काय ऑडिशन दिली, मॅडम!" रजियाबीनं दिलेला चहा हातात धरून कृष्णराज म्हणाला. "मी रडलो."

"मग?"

"मग अश्लेषा हो म्हणाली."

अश्लेषा म्हणजे त्या वर्षी सगळ्या पोस्टरांवर असलेली नटी. दोन्ही पाय शाबूत. कृष्णराजनं खूप समजावून सांगितलं. लोक कुणाला बघायला येतात, कुणाला येत नाहीत, वगैरे. मग तो मुद्द्यावर आला. निखतनं दहा दिवस अश्लेषाला चालायला शिकवायचं. "आणि आरजूला आपण सोडलेलं नाहीये हं! लांबून दिसणारं सगळं चालणं आरजूचं. चेहरा अश्लेषाचा, पाय आरजूचे."

"म्हणजे वरचा माल मुंबईचा, खालचा अणदूरचा," निखत म्हणाली.

कृष्णराज खळखळून हसला. त्याला तो विनोद वाटला.

आणखी एक गोष्ट होती. ज्या ओटीटी कंपनीवर सिनेमा दिसणार होता, तिला अपंगांच्या संस्थेचं पत्र हवं होतं: या सिनेमात आम्हाला मानानं सामील करून घेतलं आहे, अमुक तमुक. पत्राखाली निखतची सही हवी होती, कारण निखतची सही म्हणजे कडू बाईची सही, तिच्यावर कुणी शंका घेत नाही.

निखत त्याला दार दाखवणारच होती. पण कोपऱ्यात बसलेली आरजू म्हणाली, "आपा, मी करते."

"पाय विकायलीस?"

"तुमी इतकी वर्षं राग विकायलाव. आमी काय म्हणलो का?"

रजियाबी पदराआड हसली. निखतला ते झोंबलं. तिनं कृष्णराजला तीन अटी घातल्या: आरजूचं नाव कलाकारांत, तिला बोलायला निदान एक प्रसंग, आणि सेटवर आमच्या माणसांना कुणी उचलायचं नाही, त्यांना आपल्या पायानं जाता यायला पाहिजे. कृष्णराज तिन्हीला हो म्हणाला. लिहून द्या म्हटल्यावर मात्र दुखावला. "आपल्यात कागद कशाला, मॅडम?" पत्र तेवढं त्याला कागदावरच हवं होतं.

"सेट बघितल्याशिवाय सही न्हाय," निखत म्हणाली.

मुहूर्ताला ती अणदूरला गेली. गावाबाहेरच्या एका बंद गोदामाची त्यांनी शाळा केली होती. उंच जोतं, समोर सात पायऱ्या. पायऱ्याही यांनीच नव्यानं बांधलेल्या, मास्तरणीला चढायला त्रास व्हावा म्हणून. त्या बघून निखतच्या कपाळाला आठी पडली, आणि तेवढ्यात तिला बाजूचा उतार दिसला. जाड फळ्यांचा, बेताच्या चढणीचा, वर काथ्याची पट्टी ठोकलेला, दोन्हीकडं कडा असलेला. असा उतार तिनं मुंबईतल्या कुठल्या हॉटेलातही बघितला नव्हता. तिनं कुबडी टेकवली, पाय ठेवला. फळी कुरकुरलीसुद्धा नाही. ती कुणाचाही हात न धरता वर गेली, आणि वर पोचल्यावर वळून त्या उताराकडं बघत राहिली. नुसत्या तोंडी शब्दावर, न भांडता, कुणीतरी आपल्यासाठी एवढं केलं! इतक्या वर्षांचा राग त्या काथ्याच्या पट्टीवर विरघळला. कृष्णराजनं पत्र पुढं केलं. त्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की संस्थेच्या कुणाचंही सेटवर केलेलं चित्रण वापरायला हरकत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या निखतनं ते न वाचता सही केली.

शिकवणी उमरग्यात 'पात्र'च्या हॉलमध्ये झाली. अश्लेषा वेळेवर यायची, मेहनत करायची, तक्रार करायची नाही. तिच्यात तुच्छ मानण्यासारखं काही सापडेना म्हणून निखत आणखी चिडायची. पहिल्या दिवशी अश्लेषा कुबडी घेऊन चालली, आणि प्रत्येक पावलाला तिचा चेहरा सुरी लागल्यासारखा झाला.

"तोंड कशाला वाकडं करताय?" निखत म्हणाली.

"वेदना दाखवतेय."

"मला दुखत न्हाय, बाई. चाळीस वर्षं चालायले मी अशी. तुमी चप्पल घालताना रडता का?"

अश्लेषानं वहीत लिहून घेतलं: वेदना नाही. मग बराच वेळ विचार करून तिनं विचारलं, "पण मग प्रेक्षकांना कसं कळणार?"

"काय कळणार?"

"की तिच्या आयुष्यात दुःख आहे."

"तिचा हेडमास्तर तिला वरच्या मजल्यावरचा वर्ग देतो. त्याला दाखवा की दुःखी."

अश्लेषानं तेही लिहून घेतलं. सिनेमात अर्थातच हेडमास्तर देवमाणूस होता.

दहाव्या दिवशी ती निखतसारखी चालू लागली. अगदी तशीच. खांदा आधी, मग कुबडी, मग अख्खं अंग एका लयीत पुढं. आरसाही इतकं खरं दाखवत नाही. निखत बघत राहिली. अश्लेषानं तिला मिठी मारली, गुरू म्हणाली, वाकून नमस्कार केला. मग कुबडी भिंतीला लावली आणि अंगणातून उड्या मारत पळत जाऊन गाडीत बसली. एखादी ओढणी काढून ठेवावी तसं तिनं ते चालणं काढून ठेवलं होतं. निखत खिडकीत उभी होती. त्या क्षणी तिला जे वाटलं ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

शूटिंगच्या चौथ्या दिवशी आरजूचा प्रसंग होता. मास्तरणी शाळेच्या पायऱ्या चढताना पडते. लांबून पाठमोरी दिसते, म्हणून आरजू. निखत समोरच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसली होती. आरजू चढू लागली. चौथ्या पायरीवर तिनं कुबडी निसटल्यासारखी केली, तोल गेला, आणि लगेच तिचा डावा हात पायरीवर टेकला. ती सावरली.

"कट! पडायचंय, आरजू."

पुन्हा. पुन्हा सावरली. सहा वेळा तेच. कृष्णराजचा आवाज चढत गेला. "पड ना! साधं पडता येत नाही?"

"सर, न्हाय पडता येत," आरजू घामाघूम होऊन म्हणाली. "जलमभर न पडायचंच शिकलेय मी. हात आपोआप जातो."

"हात मागं बांधा हिचा," कुणीतरी सुचवलं, आणि कृष्णराज त्यावर विचार करू लागला.

निखत उठली. कृष्णराज वर जोत्यावर होता. ती उताराकडं गेली तर तिथं उतार नव्हता. जमिनीवर नुसते फळ्यांचे ओरखडे होते. सेटचा सुतार नंदीश बाजूला तंबाखू मळत उभा होता.

"उतार कुठंय?"

"मागल्या अंगाला नेला की. कॅमेऱ्याची ट्रॉली चढवायची हाय."

"आणि आम्ही कुठून चढायचं?"

नंदीश गोंधळला. "ताई, त्यो कॅमेऱ्यासाठीच केलता. त्या दिवशी तुमी त्येच्यावरनं गेलाव, आमी म्हटलं, जाऊ द्या, कशाला अडवायचं."

निखत जागच्या जागी उभी राहिली. आधी तिला राग आला नाही, लाज वाटली. भिकाऱ्यांच्या रांगेतून एकोणिसाव्या वर्षी उठून गेलेली बाई त्रेचाळिसाव्या वर्षी चार फळ्यांवर भाळली होती, आणि त्या फळ्याही एका यंत्रासाठी ठोकलेल्या! मग राग आला. ती पायऱ्यांशी आली आणि चढू लागली. एक. दोन. कुबडी आदळत, बूट ओढत, दात आवळून. पाचव्या पायरीवर तिनं वर बघितलं, तर कृष्णराज कॅमेऱ्यावाल्याच्या कानाशी पुटपुटत होता, "थांबू नको, थांबू नको, पायावर राहा." त्याचे डोळे भरून आले होते.

"बंद कर ते," निखत वर पोचून म्हणाली.

"मॅडम, हे सोनं आहे."

"मुलीचा हात बांधायला निघालायस, आणि मला सोनं सांगायलास? पडायचंय ना? तुझ्या हिरोईनला पाड. धडधाकट माणसाला पडणं चांगलं जमतं, त्यांना सवय नसती सावरायची."

हे बोलणं तिनं शिवी म्हणून केलं होतं. कृष्णराजनं सूचना म्हणून घेतलं. अश्लेषाला बोलावलं, आणि ती पहिल्याच खेपेला अशी सुंदर पडली, की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

निखतनं त्याच आठवड्यात ओटीटी कंपनीला लिहिलं, माझं पत्र परत घेते. आपल्या मोलाच्या अभिप्रायाबद्दल आभार, असं उत्तर आलं. पायऱ्या चढतानाचा माझा बूट सिनेमातून काढा म्हणून तिनं कृष्णराजला फोन केला. "मॅडम, तुमचा पाय माझ्या सिनेमाचा आत्मा आहे," तो म्हणाला, आणि सही केलेल्या पत्राची ती बारीक ओळ अगदी हळुवार आवाजात वाचून दाखवली.

सिनेमा आला तेव्हा 'पात्र'च्या हॉलमध्ये सगळे बघायला बसले. वीरप्पा निखतच्या शेजारी होता. एका जागी संगीत थांबलं, नुसती कुबडीची ठकठक.

"आता काय दिसायलंय?" त्यानं विचारलं.

"माझा बूट."

"बरा दिसतोय का?"

"पॉलिश न्हाय."

पेपरांनी त्याच दृश्यावर स्तुतीचे रकाने भरले आणि ते श्रेय अश्लेषाला दिलं. तिला त्या वर्षीचं मोठं बक्षीस मिळालं. आरजूला बोलायला प्रसंग नव्हताच, आणि तिचं नाव शेवटी विशेष आभारांत होतं, मंडपवाला आणि पाण्याच्या टँकरवाल्याच्या मधे.

यानंतर महिन्याभरात आरजू मुंबईला गेली, आणि ती तिथं नटनट्यांना लंगडायला शिकवते असं निखतच्या कानावर आलं. निखतनं तिचा फोन घेणं बंद केलं. कृष्णराजचा तिला तिटकारा होता, पण तो परका होता. आरजूचा तिटकारा घरातला, म्हणून जास्त कडवट होता. "आपली चाल बाजारात मांडली हिनं," ती वीरप्पाला म्हणायची. वीरप्पा म्हणायचा, "अन् माझा आवाज?" ती वही उघडून बसायची.

दीड वर्षानं रमजान ईदला आरजू आपणहून उमरग्याला आली. रजियाबीनं शिरखुर्म्याची वाटी तिच्या हातात दिली आणि लेकीला म्हणाली, "त्योहार है बेटा, मुँह सीधा कर." निखतनं केलं नाही.

"किती जणांना लंगडं केलंस आतापर्यंत?"

"सात," आरजू म्हणाली. "आन् त्यातल्या तिघांच्या पिक्चरमदी मी पण हाय. ही बघा."

तिनं फोन पुढं केला. चाळीस सेकंदांचा तुकडा होता. पोस्टातली बाई. कुबडी काउंटरला टेकवलेली. हीरो रजिस्टरी करायला येतो, ती त्याला पिनकोड चुकलाय म्हणून झापते, तो ओशाळतो, रांगेतला पुढचा माणूस येतो. कुबडीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. संगीतही वाजत नाही.

निखतनं ते तीनदा बघितलं. "शिक्का मारताना कागदाकडं बघायचं असतं. तू हीरोकडं बघायलीस."

"चुकलंच ते."

"झापलंस मात्र बरं." एवढं बोलून तिनं फोन परत दिला. "यांनी तुला काम कसं दिलं?"

"शिकवणीच्या आधी काम. बोलायचं काम. न्हायतर मी येत न्हाय. कागदावर घेते." आरजूनं पिशवीतून करारनामा काढला. "तुमी तोंडी घेतलं होतं, आपा. तिथंच फसलो आपण."

निखतनं चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून वाचू लागली. शिरखुर्मा निवला, रजियाबी दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्या पानावर निखत थांबली, आरजूला जवळ बोलावलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंयस? 'शक्यतो संवाद असलेली भूमिका देण्यात येईल.' शक्यतो? या लोकांना शक्यतो काहीच शक्य नसतं. खोड ते."

आरजूनं पेन मागितलं. निखतनं ते तिला दिलं नाही. स्वतःच तो शब्द खोडला, दोनदा, कागद फाटेल इतका जोर देऊन.

त्या उन्हाळ्यापासून 'पात्र'कडं जो येईल त्याला तो कागद दिला जाऊ लागला. पाच कंपन्या आल्या. चौघी कागद बघून विचार करून कळवतो म्हणाल्या, आणि अजून विचारच करताहेत. पाचवीनं सही केली. वीरप्पाला त्यांच्या मालिकेत वकिलाचं काम मिळालं, आवाजाचं नाही, अख्ख्या माणसाचं. निखत त्याच्याबरोबर हैदराबादला गेली. दिवसभर सेटवर बसून तिनं नट, दिग्दर्शक, खुर्च्या, चहा, सगळ्यांना मनोमन नावं ठेवली. संध्याकाळी वीरप्पा तिचा खांदा धरून बाहेर आला.

"कसा झालो?"

"काळा कोट सैल होता," निखत म्हणाली. "उद्या मापाचा आणायला सांगितलाय."